बंदी लेबलवर, विष गाळात

आमच्या अंबरनाथच्या घरी न्हाणीच्या दाराशी एक निळा ड्रम उभा आहे. दोनशे लिटरचा. माझी नववी संपली त्या उन्हाळ्यात, २०१४ साली, बाबांनी तो उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडून आणला. पाणी एक दिवसाआड यायचं, चाळीला टाकी नव्हती, आणि नवा ड्रम परवडत नव्हता. “तीन बार धोया है, बिनधास्त पानी भरो,” असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. आईने तरी काथ्या आणि साबणाचा चुरा घेऊन तो दोन दिवस घासला. ड्रमवरचं लेबल कुणीतरी आधीच खरवडलेलं होतं, पण कोपऱ्यात सहा इंग्रजी अक्षरं शिल्लक राहिली होती: ‘क्लोरो’. पुढचं नाव गेलेलं.

क्लोरो-काय? हा प्रश्न तेव्हा घरात कुणालाच पडला नाही. मला तो पडला सहा वर्षांनी, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर. आणि नंतर तीन वर्षं एका प्रयोगशाळेत सांडपाण्याचे नमुने तपासताना तो रोज पडायला लागला. कारण आपल्या या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात, विषाचा सगळा कारभार या ड्रमसारखाच चालतो. लेबल खरवडलं की विषय संपला.

हे एका रेणूच्या गोष्टीवरून सांगते. त्याचं नाव हेक्झाक्लोरोबेन्झिन, लाडाने एचसीबी.

आधी नावाचा घोळ

मुंग्यांसाठी उंबऱ्यावर टाकायची गॅमेक्सिन पावडर तुमच्या आजीला आठवत असेल. तिचं जुनं नाव बेन्झिन हेक्झाक्लोराइड, म्हणजे बीएचसी. भारताने ते १९९७ साली बंद केलं. एचसीबी ते नव्हे. नावातली अक्षरं तीच, पण पदार्थ वेगळा. बीएचसी कीटक मारायचं. एचसीबी हे बुरशीनाशक. १९४५ च्या सुमारास ते बाजारात आलं, गव्हाच्या बियाण्याला लावायची पावडर म्हणून. गव्हाच्या दाण्यात काळी भुकटी भरणारा काणी रोग त्याने आटोक्यात यायचा.

दिसायला पांढरे, सुईसारखे स्फटिक. सहा कार्बनचं कडं आणि प्रत्येक कार्बनला एक क्लोरीन. बस्स, एवढंच. कॉलेजात फळ्यावर काढायला सगळ्यात सोपा रेणू. २३१ अंशांना वितळतो, पण त्याआधीच हळूहळू उडून जायची त्याला सवय. गरम जागी उडतो, थंड जागी उतरतो, पुन्हा उडतो. अशा उड्या मारत तो आर्क्टिकपर्यंत पोचलाय, जिथे कुणी गव्हाचा दाणासुद्धा पेरला नव्हता.

आता त्याचे तीन गुण बघा. पुढचं सगळं भांडण या तीन गुणांवरचं आहे.

पहिला: तो पाण्यात विरघळत नाही. दहा लाख लिटर पाण्यात जेमतेम पाच-सहा ग्रॅम. म्हणजे दहा हजार लिटरच्या अख्ख्या टँकरात मिठाच्या चिमटीपेक्षाही कमी.

दुसरा: त्याला चरबी आवडते. तेलासारखा द्रव आणि पाणी एकत्र ठेवलं, तर तो पाण्यापेक्षा तीन लाखांहून जास्त पट तेलाकडे जातो. निसर्गात तेल म्हणजे काय? माशाची चरबी, गाईचं दूध, आईचं दूध. आणि गाळातला सेंद्रिय चिखल.

तिसरा: तो मोडत नाही. असले कडीवाले रेणू खाताना जिवाणू सहसा हायड्रोजन असलेल्या कोपऱ्यातून आत शिरतात. इथे सहाच्या सहा कोपऱ्यांवर क्लोरीन बसलाय, आत शिरायला फट नाही. मातीत त्याचं प्रमाण अर्ध्यावर यायला काही वर्षं लागतात, कधी कधी वीसहून जास्त.

हे दोष म्हणून जन्माला आलेले नाहीत. हेच त्याचे विक्रीचे मुद्दे होते. पावसाने धुऊन जात नाही, दाण्याला चिकटून राहतो, जमिनीत टिकतो. ज्या गुणांसाठी तो विकला गेला, त्याच गुणांसाठी त्याच्यावर बंदी आली.

तुर्कस्तानातला गहू

१९५५ च्या आसपास आग्नेय तुर्कस्तानात, दियारबाकिर, मार्दिन, उर्फा या भागात, सरकारने एचसीबी लावलेलं बियाणं वाटलं. ते पेरायचं होतं. पण घरात खायला दाणा नसेल तर पोतं कोण शेतात ओतेल? लोकांनी दळून भाकऱ्या केल्या.

मग पोरांच्या अंगावर उन्हात फोड येऊ लागले. लघवी लालसर-काळी झाली. चेहऱ्यावर, हातांवर दाट केस उगवले. रक्तातला लाल रंग तयार करण्याची शरीरातली साखळीच बिघडली होती. या आजाराला पॉर्फिरिया म्हणतात. १९५९ मध्ये वाटप थांबलं तोवर तीन-चार हजार लोक आजारी पडले होते, त्यात बहुतेक मुलं. सगळ्यात वाईट गत अंगावर पिणाऱ्या बाळांची झाली. त्यांच्या आजाराला तिथल्या लोकांनी ‘पेम्बे यारा’ म्हणजे गुलाबी फोड असं नाव दिलं. काही गावांत दोन वर्षांखालची मुलंच उरली नाहीत. बाळांनी गहू खाल्ला नव्हता. त्यांनी दूध प्यायलं होतं. वीस-तीस वर्षांनी त्या भागातल्या बायका तपासल्या तेव्हाही काहींच्या दुधात एचसीबी जास्तच सापडलं.

(इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण अर्धवट फॉरवर्ड फार वेगाने फिरतात. याचा अर्थ आईने दूध पाजू नये असा अजिबात नाही. नेहमीच्या परिस्थितीत आईच्या दुधाचे फायदे या अंशांपेक्षा कितीतरी मोठे आहेत. प्रश्न आईचा नाही. दूध साफ ठेवायची जबाबदारी कुणाची, हा आहे.)

बंदी म्हणजे नक्की काय बंद झालं?

२००१ साली स्टॉकहोम करार झाला. ज्या पहिल्या बारा विषारी रसायनांवर जग एकत्र आलं, त्यांत एचसीबी होतं. भारताने २००६ च्या जानेवारीत करार मंजूर केला. इथपर्यंत छान. आता बारीक अक्षरं वाचा. करारात एचसीबीचं नाव दोन याद्यांत आहे. एक यादी मुद्दाम बनवलेल्या रसायनांची, ती बंद करायची. दुसरी यादी नकळत तयार होणाऱ्यांची. त्यांचं प्रमाण फक्त कमी करत न्यायचं.

नकळत म्हणजे कसं? कार्बन आणि क्लोरीन एकत्र तापवले की बाजूला थोडं एचसीबी पडतंच. क्लोरीनवाले सॉल्व्हंट बनवताना पडतं, क्लोरीनवाली कीडनाशकं बनवताना पडतं, क्लोरीन असलेला कचरा कमी आचेवर जाळताना पडतं. कुणीही ते विकत नाही, म्हणून कुठल्याही लेबलवर ते नसतं.

आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. पेंटाक्लोरोनायट्रोबेन्झिन, म्हणजे पीसीएनबी, हे एचसीबीचं चुलत भावंड, तेही बुरशीनाशक. भारताने त्यावर १९८९ मध्ये बंदी घातली. त्याच्या जुन्या मालात एचसीबी मिसळलेलं असायचं. एका बंदीच्या पोटात दुसरी बंदी. पीसीएनबी ज्यापासून बनवतात ते पेंटाक्लोरोबेन्झिन मात्र आपल्याकडे बंद झालं २०१८ च्या नियमांनी. बाटली बंद झाल्यावर तब्बल २९ वर्षांनी तिच्या कच्च्या मालाचा नंबर लागला. आणि क्लोरोथॅलोनिल हे बुरशीनाशक, ज्यात एचसीबीचा अंश राहू शकतो, युरोपने २०१९ मध्ये नाकारलं. आपल्याकडे ते दुकानात मिळतं.

म्हणून “अहो, ते तर बॅन आहे” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बंदी नावावर असते, डब्यावर असते, परवान्यावर असते. रेणूला राजपत्र वाचता येत नाही. बंदीमुळे विक्री थांबते, आणि ती थांबायलाच हवी. पण आधीचं गेलं कुठे आणि नकळत अजून किती पडतंय, याचं उत्तर बंदीत नाही. ते फक्त मोजून मिळतं.

आणि आपण मोजतो काय?

वालधुनी काकोळ्याच्या डोंगराकडून निघते. अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते. शके ९८२ मधला शिलालेख असलेलं ते देऊळ, महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. मग उल्हासनगरातून, कल्याणमधून ती उल्हासच्या खाडीला मिळते. वाटेत काय काय घेते ते लोकलच्या दारात उभं राहणाऱ्या कुणालाही विचारा. जीन्स धुण्याच्या कारखान्यांमुळे कित्येक वर्षं तिचा रंग निळा-काळा असायचा. रात्री अकरानंतर अंबरनाथ-बदलापुरात कसला वास सुटतो, त्यासाठी प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर वेगळी चर्चा आहे.

मी तीन वर्षं तेच नमुने तपासले. एका नमुन्याची गोष्ट ऐका. बाटली येते. पहिला आकडा पीएच, म्हणजे पाणी आंबट की खारट-तुरट. मग सीओडी: तीव्र आम्लात दोन तास उकळवून किती ऑक्सिजन लागला ते बघायचं. मग बीओडी: २७ अंशांवर ३ दिवस बाटली बंद ठेवायची, जिवाणूंनी घाण खाताना किती ऑक्सिजन वापरला ते मोजायचं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचा जो जल गुणवत्ता निर्देशांक काढतं, तोही चार गोष्टींवर उभा आहे: पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी आणि विष्ठेतले जिवाणू.

हे आकडे निरुपयोगी नाहीत. सांडपाणी, मैला, स्टार्च, साबण यांच्यासाठी ते बरोबर आहेत. पण आता मघाचे तीन गुण आठवा.

जो रेणू वीस वर्षं मोडत नाही, त्याला आपण तीन दिवस बाटलीत ठेवून विचारतो, “बाबा, मोडलास का?” जिवाणू त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून त्याचा बीओडी शून्य. म्हणजे विष जितकं चिवट, तितका रिपोर्ट स्वच्छ! आणि जो पाण्यात विरघळतच नाही, त्याला आपण पाण्याच्या बाटलीत शोधतो. तो बसलाय खाली गाळात, आणि गाळात चरणाऱ्या चिवण्यांच्या चरबीत. पावसाळ्यात खाडीवरच्या बाजारात गाबोळीवाली चिवणी घ्यायला आपणच रांग लावतो. तो मासा मोजणीच्या कुठल्याही तक्त्यात नसतो.

वालधुनीत एचसीबी ठासून भरलंय, असा माझा दावा नाही. माझा आरोप त्याहून साधा आणि त्याहून गंभीर आहे. ज्या चाचण्यांवर आपण नदीला पास-नापास करतो, त्यांत ते असलं तरी दिसणार नाही. पेपरच असा काढलाय की त्या धड्यावर प्रश्न येत नाही.

दोन नोव्हेंबर

२९ नोव्हेंबर २०१४ ची पहाट. उल्हासनगरात वालधुनीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि काठावरच्या वस्त्यांमध्ये लोकांना श्वास घेता येईना. शेकडो लोक दवाखान्यांत. माझी मावशी तेव्हा त्याच बाजूला राहायची. ती दोन लेकरांना ओल्या टॉवेलात गुंडाळून स्टेशनकडे धावली आणि सकाळी आमच्या दारात उभी राहिली. डोळे लाल, आवाज बसलेला. आईने तिला पाणी दिलं. त्याच निळ्या ड्रममधलं.

त्याच आठवड्यात, तिकडे ऑस्ट्रियात, करिंथिया प्रांतातल्या ग्योर्चिट्स खोऱ्यात वेगळीच बातमी फुटली होती. गाईंच्या दुधात एचसीबी सापडलं होतं. एका जुन्या कचरा-भूमीतली दूषित चुन्याची लगदी सिमेंटच्या भट्टीत जाळायला दिली होती. आच पुरी पडली नाही, एचसीबी धुरातून बाहेर पडलं, गवतावर बसलं, गाईच्या पोटातून दुधात आलं. तिथे कुणी बेशुद्ध पडलं नाही. कुणाला वास आला नाही, पाण्याचा रंग बदलला नाही. तरी कळलं. कारण कुणीतरी दूध तपासत होतं.

तिथलं सरकार फार सज्जन होतं असं नाही. माहिती दाबल्याचे आरोप झाले, विधिमंडळाची चौकशी समिती बसली. पण भांडायला हातात आकडा होता. आमच्याकडे भांडायला माणसं पडावी लागतात. टँकरचं विष झटकन मारतं म्हणून त्याची बातमी होते. गाळातलं विष सावकाश काम करतं, त्याला मथळा मिळत नाही.

२०१५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या खंडपीठाने ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणासाठी सामायिक सांडपाणी केंद्रं आणि पालिकांवर मिळून सुमारे ९५ कोटींचा भुर्दंड ठोठावला. मोठा निकाल होता. पण दंड हा शेवट नसतो. गाळ जागच्या जागी असतो.

“मशीन कुठे आहे?”

हे मी जिथे बोलते तिथे तीन उत्तरं मिळतात.

पहिलं: असली तपासणी आपल्याला परवडत नाही. खोटं. क्लोरीन पकडणारं गॅस क्रोमॅटोग्राफ हे चंद्रावरचं यंत्र नाही. नाशिक-सांगलीची द्राक्षं युरोपला जातात तेव्हा त्यांच्या घडांत कीडनाशकांचे शेकडो अंश तपासले जातात. २००६ पासून ‘ग्रेपनेट’वर बागेपासून बंदरापर्यंत नोंद असते आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यावर लक्ष ठेवतं. म्हणजे यंत्र आहे, माणसं आहेत, पद्धत आहे. हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकासाठी आहे. वालधुनीकाठच्या पोरासाठी नाही.

दुसरं: कारखाने बंद पाडायचेत का तुला? नाही. आमच्या घरात ज्या पगारावर चूल पेटली तो एका केमिकल कारखान्यातलाच होता. बाबांच्या शर्टाचा वास मला आजही ओळखू येतो. पण कारखान्यात काय बनतं हे विचारणं म्हणजे तो बंद पाडणं नव्हे. उलट, आतल्या कामगाराला ते सगळ्यात आधी कळायला हवं. गाळ बाहेर पडायच्या आधी त्याच्या फुप्फुसातून जातो.

तिसरं उत्तर आपल्यासारख्यांचं: सगळीच केमिकल वाईट, नॅचरल खा. हे तर सगळ्यात सोयीचं. सगळंच वाईट म्हटलं की नेमकं काहीच मोजावं लागत नाही. लाल पाण्याची रील टाकली, दोन रडके इमोजी लावले, संपलं. एचसीबीला रंग नाही, त्याची रील होत नाही.

मागण्या साध्या आहेत. वालधुनी आणि उल्हासच्या ठरलेल्या जागांवरचा गाळ आणि मासे वर्षातून एकदा तरी चिवट क्लोरीनवाल्या रसायनांसाठी तपासा, आणि आकडे मराठीत, नगरपालिकेच्या फलकावर लावा. कारखान्याकडून फक्त काय विकता ते नाही, बाजूला काय पडतं तेही लिहून घ्या. आणि रसायनाचे रिकामे ड्रम. ते धोकादायक कचऱ्यात मोडतात, २०१६ च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. ते परवानाधारकाकडेच जायला हवेत, तरी रस्त्यावर पाणी भरायला विकले जातात. तो बाजार पोलिसी धाडीने बंद होणार नाही, भंगारवाल्याचं फक्त दुकान हलेल. नळाला रोज पाणी आलं तर बंद होईल.

तुमच्याही घरात असा ड्रम असेल तर त्यातलं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका. घासून उपयोग नाही. प्लॅस्टिक आणि चरबी हे या रेणूंच्या दृष्टीने सख्खे शेजारी. ते भिंतीत मुरतात आणि हळूहळू बाहेर येतात.

हे मी परवा घरी सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. आईने ड्रमवरचं झाकण सरळ केलं.

“अगं, मान्य आहे सगळं,” ती म्हणाली. “पण उद्या पाणी यायचं नाही. मग भरू कशात, तेवढं सांग.”

तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते देणं ज्यांचं काम आहे त्यांना मी हे लिहितेय. ड्रम अजून दाराशीच आहे.